आवरलेलं घर

गल्लीत त्यांना सगळे टापटीप काकू म्हणत. हे नाव समोरच्या बेकरीवालीने ठेवलं होतं, आणि ते कौतुकानेच ठेवलंय असं काकूंना पुष्कळ वर्षं वाटत होतं.

एका खोलीत नवरा, शिलाई मशीन आणि लोकांचे उसवलेले कपडे. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने बजावलं होतं, "पाहुण्याला घरात माणसं दिसावीत, कामं दिसू नयेत." सासू गेली, वाक्य राहिलं. दारावर थाप पडली की चिंध्या पलंगाखाली जात, पँटी ट्रंकेत. मशीनवर फुलाफुलांचं कापड पडे आणि त्यावर फुलदाणी. गिऱ्हाईक आलं तरी आधी बाहेर थांबे, मग आत. नवऱ्याची छाती रंगाच्या कारखान्याने धरली होती, तेव्हापासून तो खिडकीशी बसलेला असे. तो म्हणे, "या घरात आवरायचा मीच काय तो उरलोय." त्याच्या औषधापासून घराच्या भाड्यापर्यंत सगळं त्या फुलदाणीखालच्या मशीनवर चाले, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

मग गल्ली पाडून तिथे नवी वस्ती उभारायची योजना आली. सभेत साहेबांनी समजावून सांगितलं की ज्यांचं नुसतं राहणं, त्यांना वरच्या मजल्यावर घर. घरातच ज्यांचा धंदा, त्यांना तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला कामाची खोली जोडून. कुणाचं काय ते घरोघरी पाहून ठरणार. काकूंनी हे नीट ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि दारात माणूस येणं वेगळं.

पाहणीवाली बाई आली त्या सकाळी काकूंनी फरशी दोनदा पुसली. बाईने चहा घेतला, चौफेर नजर फिरवली आणि म्हणाली, "किती छान ठेवलंय हो घर. घरी काही काम करता का?"

"कसलं काम? आपलं असंच, वेळ जावा म्हणून थोडं शिवते."

बाईने मान डोलावली. महिन्याभराने निकाल लागला. फक्त राहणं, सातवा मजला.

बेकरीवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताकाला गेलीस आणि भांडं लपवलंस. नुसतं लपवलं नाहीस, वर फुलदाणी ठेवलीस. आता फाटकी पिशवी घेऊन कोण येणार गं सातव्या मजल्यावर? खाली रखवालदार विचारणार, कुणाकडे, कशाला. माणूस लाजून परत जाईल."

मग तिनेच काकूंना हाताला धरून कचेरीत नेलं, तिथे आवाज चढवला आणि पुन्हा एकदा पाहणी करायचं कबूल करून घेतलं.

दुसऱ्या पाहणीच्या दिवशी काकूंनी काही आवरलं नाही. खोलीभर धागे, खडूची भुकटी, पडद्यांचा ढीग. दाराबाहेर पावलं वाजली तसा त्यांचा हात एका चिंधीकडे गेला.

"हात लावशील तर बघ," नवरा खिडकीशी बसूनच म्हणाला.

तीच बाई आली. पाय कुठे ठेवावा ते तिला कळेना. "तेच घर ना हे?" तिने विचारलं. "परवाना आहे? बिलं? निदान बाहेर पाटी?"

काहीच नव्हतं. आजवर सगळं तोंडी चाललं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका, पण हे आजच पसरलेलं असू शकतं. हल्ली रोज एखादं घर रातोरात दुकान झालेलं दिसतं."

आपण शिवतो हे काकूंना आयुष्यात कधी कुणाला पटवावं लागलं नव्हतं. तेवढ्यात उघड्या दारातून निवृत्त बसकंडक्टर सरळ आत आला. फेऱ्या मारून तो इतका वैतागला होता की बाईकडे त्याने पाहिलंही नाही.

"काकू, माझी पँट आज तरी मिळणार का? उद्या, उद्या म्हणता. तुमचा उद्या काही उजाडत नाही." त्याने स्वतःच ढिगातून पँट ओढून काढली. एक पाय दुमडून शिवलेला, दुसरा लोंबता. "बघा. आता काय लंगडी घालत जाऊ?"

परक्या बाईसमोर कुणी असं बोलेल असं काकूंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्ही नेहमी इथेच देता?" बाईने विचारलं.

"बायको होती तेव्हापासून. तिचीही हीच तक्रार होती."

बाईला हसू आलं. तिने तिथेच उभ्याउभ्या नोंद बदलली.

काकूंना तळमजला मिळाला. बेकरीवालीला काहीच मिळालं नाही. दुकान भाड्याचं, मालक भलताच, आणि योजनेत भाड्याची घरं बसत होती, भाड्याची दुकानं नाही. ती शहराच्या टोकाला भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "माझी भट्टी सगळ्या गल्लीला दिसत होती, तरी काय झालं?" कंडक्टरही मुलाकडे राहायला गेला. निम्मी गल्ली अशीच पांगली.

नव्या खोलीला रस्त्याकडे मोठी काच होती. तिच्या कोपऱ्यात सूचना चिकटवलेली, दर्शनी भाग मोकळा व नीटनेटका ठेवावा. काकूंनी तो तसा ठेवला. आठवडाभर माणसं काचेबाहेरून गेली. एक बाई तुटक्या चेनची बॅग घेऊन थबकली, आतली फुलदाणी पाहिली, कुणाचं तरी घर आहे असं समजून पुढे गेली.

दुसऱ्या सकाळी काकूंनी फुलदाणी उचलून आत नेली. नवऱ्याची जुनी पँट काढली, तिचा एक पाय शिवला, दुसरा तसाच ठेवला आणि ती काचेत टांगली.

रखवालदार धावत आला. "काकू, हे आत घ्या. बाहेरून दिसतंय."

"दिसावं म्हणूनच लावलंय."

"कुणी तक्रार केली म्हणजे?"

"करू दे," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तक्रारीवरच तर ही खोली मिळाली."