पडद्यावर बदनाम झालेला पाळणा

भुताखेताच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला रुक्मिणी परब चहासुद्धा विचारत नसे. माडाखाली काहीतरी पांढरं दिसलं, मागून कोणीतरी चाललं, असलं सांगणारा पुरुष मिशा असूनही भागूबाई, असं तिचं सरळ मत. आणि मालवणजवळच्या कट्टा गावातल्या परबवाडीत अशा भागूबाई काही कमी नव्हत्या.

तिच्या घरी फणसाच्या लाकडाचा पाळणा होता. सासऱ्यांनी सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून रंगवून घेतलेला, कडेला पोपट आणि वेली. वाडीत कुणाचंही बारसं असो, पाळणा रुक्मिणीच्या घरून जाई.

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मुंबईची एक सिनेमावाली मंडळी गावातल्या एका बंद घरात शूटिंगला उतरली. त्यांचा गॉगलवाला मॅनेजर दारात आला. "मावशी, पाळण्याचा सीन आहे, दोन दिवस द्याल?" पाळण्याचा सीन म्हणजे कृष्णजन्मच असणार, असं धरून तिने पाळणा दिला. भाडं देऊ केलं, ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळण्याची काळजी वाटून ती बघायला गेली. पाळणा रिकामाच हलत होता, समोर एक नटी गळा काढून किंचाळत होती, आणि वाडीतला लवू खाटेखाली पालथा पडून मासे गरवायच्या तंगुसाच्या दोरीनं पाळणा ओढत होता. रुक्मिणी मोठ्याने हसली. सिनेमावाल्यांनी तिला हाकलून दिलं, पण दोन दिवसांनी पाळणा परत येऊन माळ्यावर गेला.

पुढच्या वर्षी सिनेमा मालवणला लागला. आख्खी वाडी टेम्पो करून गेली, रुक्मिणीसुद्धा. एक कुटुंब जुन्या घरात राहायला येतं, माळ्यावर पाळणा सापडतो, तो आपोआप हलतो आणि हलला की घरातलं एकेक माणूस मरतं. नटीचा दीर पाळण्याकडे बघत बघत विहिरीत पडला तेव्हा थेटरात बायका ओरडल्या. रुक्मिणी पुटपुटली, "एवढी मोठी बाव दिसली नाय मेल्याक!"

गंमत तिथेच संपायची. पण पुढच्याच महिन्यात शेजारच्या शेवंतीने नातीच्या बारशाला दुसऱ्या वाडीतून पाळणा मागवला. रुक्मिणीच्या दारावरून तो पाळणा गेला आणि शेवंतीने मान वर केली नाही. मग तर सगळ्यांनाच कंठ फुटला. कुणाला म्हणे परबांच्या माळ्यावरून करकर ऐकू येत होती. कहर केला तो लवूने. अंगणातून जाताना तो पडवीपासून चार हात लांबून जाऊ लागला.

रुक्मिणीने त्याला अडवलं. "काय रे लवू, तंगूस कोणी ओढलंला?"

"मीच ओढी होतंय, काकी."

"मग भियतस कोणाक? तुकाच?"

"मी हळू ओढी होतंय गो. पडद्यार बघितलंस मां, केवढ्यान हलता तो!"

स्वतःच्या हाताला भिणारा माणूस रुक्मिणीने आजवर पाहिला नव्हता.

मग गुरुदास आला. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. "वयनी, एक कोंबो देवया. गाऱ्हाणा घालतंय, सगळा शांत होयत."

"कोंबो भुताक व्हयो काय तुका?" असं विचारून तिने त्याला कोंबडा सोडाच, पाणीही न देता परत धाडलं.

इतकं होईपर्यंत ती ताठ होती. मग घरातच पाचर बसली. सून आनंदी दुसऱ्यांदा बाळंत झाली, मुलीच्या पाठीवर मुलगा झाला. रुक्मिणीने पाळणा माळ्यावरून उतरवून पुसून लख्ख केला. आनंदी दारात येऊन उभी राहिली. "आई, माका कळता, तां सगळा खोटा. पण माझ्या झिलाक मी त्यात निजवूचंय नाय."

"तुझा चेडू खंय वाढला? ह्याच पाळण्यात. तेका काय शिंगा फुटली?"

आनंदी रडायला लागली. रुक्मिणीने मुलाकडे, सत्यवानाकडे पाहिलं. तिठ्यावर खताचं दुकान चालवणारा, गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवणारा हा माणूस मान खाली घालून नखं बघत म्हणाला, "लोक काय म्हणतीत, आई?"

बारशाला आनंदीच्या माहेरून लोखंडी पाळणा आला. एकेका झोक्याला तो कुईं कुईं करी. रुक्मिणी पुढे बसली, पण पाळणा म्हणायला तिने तोंड उघडलं नाही.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची सुगंधा पाटी घेऊन मासे विकायला येई. बारशानंतर ती आली तेव्हा पाळणा पडवीतच होता.

"माझ्या चेडवाक झील झालो," सुगंधा बांगडे मोजता मोजता म्हणाली. "घरात पाळणो नाय. लुगड्याची झोळी बांधलंव."

"ह्यो व्हयो तर ने. पण त्यात भूत आसा म्हणतत."

"आसांदे गो बाय. रातभर झोको तरी देयत. आमका निजाक मेळात."

रुक्मिणी हसली, कित्येक दिवसांनी हसली. सुगंधाच्या नातवाच्या बारशादिवशी तिने रिक्षा बोलावली, पाळणा मागे बांधला आणि स्वतः बरोबर गेली. दांडीवरच्या सुगंधाच्या खोपीत बारशाला कोळणींनी तिला पुढे बसवलं. तिथे ती मोकळ्या गळ्याने गायली, पहिला झोकाही तिनेच दिला.

घरी आली तेव्हा सत्यवान ओट्यावर होता. "पाळणो खंय?"

"दिलंय."

त्याने हुश्श केलं. ते तिने ऐकलं. लवूच्या, शेवंतीच्या बावळटपणापेक्षा पोटच्या पोराचा तो सुस्कारा तिला जास्त लागला. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. नातू मात्र तिच्या मांडीवरच निजायचा. कुरकुरणाऱ्या लोखंडी पाळण्यात आनंदी वाळलेली दुपटी ठेवू लागली.