खुर्चीवरचा पखवाजी

"आता बरं वाटतं ना?" असं कोणी विचारलं, की तो उलट विचारायचा, "कोणाला?"

समोरचा विषय बदलायचा. तुम्हीही तेच केलं असतंत. आमच्या दिंडोशीच्या भजन मंडळात तो पखवाज वाजवायचा आणि मी मागे बसून टाळ. तिशीही गाठली नव्हती तेव्हाच त्याचा खुबा बदलावा लागला. एका मोठ्या आजारात घेतलेल्या औषधांनी तिथलं हाड सुकत गेलं होतं. ऑपरेशननंतर दुखणं थांबलं, काठी सुटली, तो कामावरही जाऊ लागला. एवढं झाल्यावर त्याने जन्मभर हात जोडून फिरावं अशी लोकांची अपेक्षा होती. ते काही त्याला जमलं नाही.

मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या मामाने त्याला जरा चालून दाखवायला सांगितलं. हा उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, आता तुम्ही चाला." स्थळ अर्थातच गेलं. आईने अबोला धरला. हा मात्र तिथले पोहे झकास होते म्हणून सगळ्यांना सांगत सुटला.

डॉक्टरांनी मांडी घालायला बंदी केली होती. नवा सांधा निखळला तर पुन्हा चिरफाड. आणि भजनात पखवाज वाजवतात तो मांडी घालूनच. सगळं सोडून दिलं असतं, पण पखवाज त्याला सोडवेना. म्हणून तालमीला येताना त्याने खुर्ची आणली आणि पखवाज समोरच्या बाकड्यावर ठेवला. आमचे बुवा, म्हणजे मुख्य गायक, पेटी बंद करून म्हणाले, "पखवाजी वर, नि बुवा नि देव खाली? असां खंय असता?"

"देवाला टेबलावर ठेवा," तो म्हणाला. "त्याचं काही दुखत नाही."

त्यावरून जे महाभारत झालं ते विचारू नका. दुसरा पखवाजी मिळेना, म्हणून खुर्ची चालवून घेतली, पण त्याच्याशी धड कोणी बोलेना. तोही काही कमी नव्हता. कोणाची लय हलली, की वरून वाकून नाव घेऊन झापायचा. मलाही झापलंय. तळपायाची आग मस्तकात जायची. पण त्याचा हात असा, की राग गिळून टाळ वाजवत राहावंसं वाटायचं. असा हात मी पुन्हा ऐकला नाही.

विक्रोळीला आमची डबलबारी ठरली. डबलबारी म्हणजे दोन मंडळांचा सामना. बुवा एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात, आणि टोमण्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं, नाही दिलं तर हार. समोरच्या बुवाने पहिल्याच गजरात सिंहासनावर बसलेल्या लंगड्या राजाचं गाणं रचलं. मंडपात शिट्ट्या वाजल्या. आमच्या बुवांनी उत्तर द्यायचं होतं. इतरांच्या सात पिढ्या काढणारे आमचे बुवा, पण त्या दिवशी त्यांना एक ओळ सुचली नाही. ते मागे वळून त्यालाच म्हणाले, "उतर खाली. घाल मांडी. ह्यांका दाखव."

लोकांनी तेच उचललं. खाली बस, खाली बस म्हणून सगळा मंडप टाळ्या पिटू लागला. आमच्यातलेही दोघे त्याला मानेने खुणावत होते.

त्याने पखवाजावरचे हात काढले. समोरचा माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"बसतो. पण उद्या मला उठवायला कोण येणार, ते आत्ता सांगा."

टाळ्या थांबल्या. बुवा पेटीकडे बघत राहिले. मग त्याने पखवाज खांद्याला अडकवला आणि उठला. पखवाजाशिवाय बारी कसली? आम्ही हरलो. त्यानंतर तो मंडळात आला नाही.

भर बारीत पोराने मंडळाचं नाक कापलं असं बुवा अजून सांगत फिरतात. मी तिथेच होतो. तो स्टेजवरून उतरताना समोरच्यांचा पखवाजी उठला, आणि त्याच्या पायात येणारी माइकची वायर हाताने वर उचलून धरून उभा राहिला. आमच्यातलं कोणी जागचं हललं नाही.