वॉशरची जीभ

ताईच्या सायकलचं मागचं चाक मी एका गुरुवारी बदलायला घेतलं. आमच्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. सकाळी तासाभरात काम उरकेल, दुपारी ताई नव्या चाकावर गल्लीत एक चक्कर मारेल आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला आरामात बसून चढ चढेल, असा माझा हिशेब होता.

तो चढ दिघीहून भोसरीच्या एमआयडीसीकडे जाताना लागतो. ताई तिथल्या एका वर्कशॉपमध्ये दुचाक्यांच्या वायरी जोडते, ठेकेदारामार्फत. सहा महिन्यांपासून तिचा उजवा गुडघा सुजत होता. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यावर जोर देऊ नका. पण सकाळी त्या वेळेला सरळ बस नाही. सायकल हातात धरून चढ चालत जायचा, तर उशीर होतो. त्या महिन्यात तिला दोनदा उशीर झाला होता. ठेकेदाराने तोंडावर सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर गेटवर येऊच नका."

ताई दहावीनंतर शिकली नाही. गावी घरात सायकल एकच होती आणि शाळा-कॉलेज सात किलोमीटरवर. सायकल मला मिळाली. मी डिप्लोमा केला, मग डिग्री केली, आज चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि मला न्यायला कंपनीची बस येते. आमच्या घराण्यात इंजिनियर झालेला मी पहिला. हे मी कौतुकाने लिहीत नाही. ताई सायकलवर आणि मी बसमध्ये, हे मला रोज सकाळी खिडकीतून दिसायचं, म्हणून लिहितो.

हब, म्हणजे चाकाच्या मधला भाग, मला चिखलीकडच्या भंगारात मिळाला. कुठल्यातरी परदेशी सायकलचा असावा. बाहेरून नुसता जाडसर डबा. तीन गिअर त्याच्या पोटात, तेलात बुडालेले. बाहेर चक्र एकच, साखळी एकच. आसाच्या पोकळीतून एक बारीक साखळी बाहेर येते, ती हँडलवरच्या खटक्याला जोडलेल्या तारेने ओढली की आतला गिअर बदलतो आणि चढाला पायडल हलकं होतं. साडी किंवा ओढणी अडकायला बाहेर काही नाही. मला वाटलं, हा डबा ताईसाठीच केलेला आहे.

पिंपरीत कॅम्पाच्या मागच्या गल्लीत एक चाचा आहेत, पन्नास वर्षं सायकली दुरुस्त करतात. जुन्या रिमची भोकं या हबला जुळत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी रिम शोधली, आरे कापून बसवले, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. बदल्यात जुनं चाक त्यांनी ठेवून घेतलं. शेवटी कागदाच्या पुडीत दोन वॉशर दिले.

"सायकल घेऊन ये, मी बसवून देतो," ते म्हणाले.

"नको चाचा, एवढं येतं मला."

"येतं रे, इंजिनियर आहेस. पण वॉशर सांभाळ. ये दोनों बहुत जरूरी हैं."

मी मान डोलावली. लक्ष मात्र चाकाकडे होतं.

गुरुवारी चाक फ्रेमच्या मागच्या खाचांत बसवलं. वॉशर लावले तर नट नीट टेकेना. बघतो तर दोन्ही वॉशरच्या काठाला एकेक बारीक जीभ पुढे आलेली, गंजलेली. माझं रोजचं कामच असले तुकडे बाजूला काढायचं आहे. पत्र्यातून भाग कापला की काठाला जे नको ते उरतं, त्याला आम्ही बर म्हणतो. बर दिसला की भाग परत पाठवायचा. मी कानस घेतली आणि दोन्ही जिभा घासून सपाट केल्या. वॉशर काचेवर ठेवून पाहिले. एकदम सपाट. मला बरंही वाटलं.

गल्लीत पहिली चक्कर ठीक गेली. दुसऱ्या चकरेत जोर दिला आणि पायाखालचं पायडल एकदम मोकळं झालं. रिकाम्या पायरीवर पाय पडावा तसं. मी तार ताणली. मग सैल केली. प्रत्येक वेळी शंभर पावलं नीट, मग खट्ट, आणि पाय खाली. दोष आत असणार असं धरून मी अंगणात वर्तमानपत्र पसरलं, मोबाईलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत हब उघडला. दातरी चाकं शाबूत. साखळीच्या चालीने चाकाला पकडणारे छोटे आकडे आणि त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगाही शाबूत. सगळं पुसलं, पातळ तेल घातलं, फोटो उलटे बघत बंद केलं. एक स्प्रिंग उडाली, ती पाऊण तासाने तुळशीच्या कुंडीमागे सापडली. तोवर दोन वाजले होते.

ताई जेवायला हाक मारून कंटाळली. "काय करायलास रं सकाळपासून? जमंना का?"

"झालंय. तूच बघ बसून."

हे मी का म्हणालो, मला आजही कळत नाही. मी तपासलं नव्हतं. मला फक्त तिचा चेहरा खुललेला बघायचा होता. ती बसली, गल्लीच्या टोकाला जिथे जरासा चढ आहे तिथे तिने जोर दिला, आणि खट्ट झालं. ती पडली नाही. पण सगळं वजन उजव्या पायावर आलं. तिने सायकल भिंतीला लावली आणि पायरीवर बसून गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. मग म्हणाली, "जुनं चाक हाय का?"

जुनं चाक नव्हतं.

नवं चाक खोलून खांद्याला अडकवून मी बस पकडली. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, चाकाचं वेगळं तिकीट बरं का." मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, राहू द्या. उरलेली सायकल मागून चालत येतीय." सगळे हसले. मला हसू येईना. माझ्या डोक्यात एकच होतं, उद्या सात वाजता गेट बंद होतं.

चाचांनी मला पाहिलं आणि चाकाला हात लावायच्या आधी विचारलं, "वॉशर?"

मी आसावरचे वॉशर काढून दिले. त्यांनी अंगठा काठावरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"याची जीभ कुठे गेली?"

"घासली. बर होता."

"बर?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे राजा, वॉशर आसावर अडकतो आणि त्याची जीभ फ्रेमच्या खाचेत बसते. तीच आस धरून ठेवते. आत एवढी ताकद फिरते, ती आसाला पण फिरवायला बघते. जीभ नाही तर आस फिरतो, तार हलते, गिअर मध्येच सुटतो. हब चांगला आहे. तू त्याला उगीच उघडलंस."

"जुनं चाक द्या चाचा, आजच्यापुरतं."

"ते सोमवारीच गेलं दुसऱ्याच्या सायकलला."

"असा वॉशर दुसरा?"

"हा इथे कुठे मिळणार!"

मी दुकानाच्या फळीवर बसलो. सगळं सांगितलं: गुडघा, ठेकेदार, दोन उशीर, गल्लीतलं खट्ट. चाचा ऐकत होते की नाही, कळलं नाही. ते उठून शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि दोन्ही वॉशरवर, जीभ होती त्या जागी, लोखंडाचा एकेक जाड ठिपका टाकून घेऊन आले. मग एक जुनी फ्रेम माझ्यापुढे उभी केली आणि कानस हातात दिली.

"आपल्याकडच्या सायकलींची खाच एकाच मापाची असते. आता घास. पण खाचेत घट्ट बसेपर्यंतच. जास्त घासलंस तर माझ्याकडे परत येऊ नको."

मी घासत होतो, लावून बघत होतो, पुन्हा घासत होतो. चारदा घासणं आणि एकदा बघणं. चाचांनी एकदा चहा पुढे केला, तो तसाच गार झाला. दिवे लागले तेव्हा दोन्ही जिभा खाचेत बसल्या, हलेनात.

घरी येऊन चाक चढवलं. गल्लीत दहा चकरा मारल्या. एकदाही सुटलं नाही. पण गल्ली म्हणजे काही तो चढ नव्हे. ताई दारातून बघत होती, गुडघ्यावर गरम फडकं होतं. "झोप आता," एवढंच म्हणाली.

पहाटे जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते. ताईचं अंथरूण गुंडाळलेलं, डबा नव्हता, चपला नव्हत्या. सायकल जागेवर होती. ती चालत निघाली होती. माझ्यावर रागावून नव्हे. माझ्या कामावर तिचा भरवसा उरला नव्हता, आणि ते तिला माझ्या तोंडावर सांगायचं नव्हतं.

मी सायकल काढली. चढाच्या पायथ्याशी ती दिसली, रस्त्याच्या कडेने, पाय ओढत, दर वीस पावलांनी थांबत.

"ताई, बस मागं."

"मी जाते चालत. तुझी बस चुकंल."

"बस म्हणतो ना."

"दोघांच्या वजनानं सुटलं म्हंजे?"

"सुटलं तर मी पडेन. तू फक्त पाय टेकव."

दहावीच्या परीक्षेला तिनेच मला कॅरिअरवर बसवून तालुक्याला नेलं होतं. आता ती तशीच मागे बसली, एक हात माझ्या सदऱ्याला. मी खटका एकवर केला. दोन आणि तीनवर हा हब बारीक टिकटिक करतो, एकवर मात्र गप्प होतो. त्या अर्ध्या किलोमीटरच्या चढात मला त्या शांततेची फार भीती वाटली. प्रत्येक पायडलला मी खट्ट ऐकायची तयारी ठेवली होती. चालणारे आमच्या पुढे जात होते, इतके आम्ही हळू होतो. एकदा चाक कुरकुरलं, ताईने सदरा घट्ट धरला. पण पाय खाली गेला नाही. वर आल्यावर मी खटका दोनवर केला, टिकटिक सुरू झाली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिला दिसलं नाही.

गेटवर सात वाजायला आठ मिनिटं होती. माझी बस केव्हाच गेली होती. ताई उतरली, तिने वाकून मागच्या नटावर बोट ठेवून पाहिलं आणि सायकलची किल्ली मागितली.

"संध्याकाळी घ्यायला येऊ नगंस," ती म्हणाली. "चढाला कितीवर ठेवायचं?"

"एकवर."

"आन सपाटीला?"

"दोनवर."

"एकवर, दोनवर," असं पुटपुटत, सायकल हाताने ढकलत, ती लंगडत आत गेली.