एका विद्यार्थ्याला एकच कंपनी

बावीस वर्षं मी या गावच्या हायस्कुलात मुलांना नोकऱ्या लावून देतो आहे. भूगोल शिकवतो ते नावापुरतं. माझं खरं काम शेवटच्या वर्षाच्या मुलांना कुठेतरी चिकटवून देणं. दर जुलैमध्ये कंपन्यांची मागणीपत्रं शाळेत येतात आणि कोणाचं नाव कुठे पाठवायचं ते मी ठरवतो. नियम साधा आहे. एका विद्यार्थ्याला एकच कंपनी. ऑक्टोबर लागेपर्यंत त्याने दुसरीकडे अर्ज करायचा नाही, आणि कंपनीने हो म्हटलं की त्याने नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलंच, तर पुढच्या वर्षी त्या कंपनीचं पत्र शाळेत येत नाही. हे शेवटचं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. बावीस वर्षांत माझ्या एकाही मुलाने नाही म्हटलं नव्हतं आणि मला त्याचा गर्व होता. वर्षअखेरच्या मेजवानीत दोन पेले पोटात गेले की मी ही गोष्ट सगळ्यांना ऐकवायचो.

नुमाझावा चिनात्सु पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात आली तेव्हा ती आहे की नाही हेही कळायचं नाही. मागे, ऊब देणाऱ्या स्टोव्हजवळच्या बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, नाहीतर गप्प. एकदा मागचा बाक खिदळायला लागला म्हणून गेलो, तर तिची भूगोलाची वही हातोहात फिरत होती. मी ती हिसकावून घेतली. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बोटभर माणूस काढलेला होता. पानं फरफर सोडली की तो दारातून यायचा, फळ्यावर काहीतरी लिहायचा, वळायचा आणि निघून जायचा. तो मी होतो. टक्कल, कोपरावरचं ठिगळ, सगळं होतं.

माझं डोकं फिरलं. माझा तास म्हणजे तुला थिएटर वाटलं का, असं बरंच काही बोललो आणि वही जप्त केली. घरी गेल्यावर चहा पिता पिता पुन्हा पानं सोडली. त्या माणसाच्या चालण्यात काहीतरी खटकत होतं. चार-पाच वेळा पाहिल्यावर कळलं की डावा पाय टाकताना तो किंचित थांबतो. बायकोला विचारलं, मी लंगडतो का? ती म्हणाली, काहीतरीच काय. पुढच्या वसंतात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो समोर धरला आणि डाव्या खुब्याचा सांधा झिजलाय म्हणून सांगितलं. सव्वीस वर्षं एका छपराखाली राहणाऱ्या बाईला जे दिसलं नाही, ते या पोरीने शेवटून दुसऱ्या बाकावरून पाहिलं होतं. वही मी परत केली. सांध्याचं मात्र बोललो नाही. मास्तराला तेवढा अहंकार असतोच.

शेवटच्या वर्षाच्या जुलैत आई, मुलगी आणि मी अशी तिघांची बैठक झाली, जशी सगळ्यांची होते. चिनात्सुची आई शाळांना जेवण पुरवणाऱ्या केंद्रात भाज्या चिरते. प्राथमिक आणि माध्यमिक मिळून नऊ वर्षं गावातलं प्रत्येक मूल तिच्याच हातचं जेवतं. नवरा पोर दोन वर्षांची असताना गेला. ती कामावरून तशीच आली होती, पांढरे गमबूट दाराबाहेर नीट जोडून ठेवलेले.

पुढे काय करायचं हा रकाना चिनात्सुच्या कागदावर भरलेला होता. तिला टोकियोला जाऊन अॅनिमेच्या स्टुडिओत मधली चित्रं काढायची होती. म्हणजे काय, असं तिच्या आईने विचारलं. मला वाटतं घरी हे विचारायची तिची हिंमत झाली नसावी.

“मोठा चित्रकार हालचालीचं पहिलं चित्र काढतो आणि शेवटचं काढतो,” चिनात्सु म्हणाली. “मधली कोणीतरी काढावीच लागतात. ती बघणाऱ्याला दिसत नाहीत. दिसली तर चुकली.”

एवढं सलग बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मीही आदल्या दिवशी इंटरनेटवर वाचून तयारीनिशी आलो होतो. तिथे चित्रागणिक पैसे मिळतात, महिन्याचं भाडंसुद्धा सुटत नाही, डोळे आणि मनगट कामातून जातात, निम्मी मुलं तीन वर्षांत गावी परततात. सगळं खरं होतं आणि मी ते अगदी चवीने सांगितलं. शिवाय तो स्टुडिओ शाळेला मागणीपत्र पाठवत नव्हता. त्याची चाचणी सप्टेंबरात टपालाने आणि मुलाखत नोव्हेंबरात. तोपर्यंत चांगल्या कंपन्या भरून गेलेल्या असतात. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मी तिच्यासाठी वेगळं ठरवलं होतं. नदीपलीकडच्या कारखान्यात मोटारींच्या विजेचे बारीक जोड बनतात. दरवर्षी ते आमच्या दोन मुली घेतात आणि त्या भिंगाखाली माल तपासतात. कायमची नोकरी, घरापासून सायकलने वीस मिनिटं.

“तुझी नजर चांगली आहे,” मी म्हणालो. “त्यांना नजरच हवी असते.”

आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तिच्या आईने मान वाकवून तुम्ही सांगाल तसं म्हटलं. चिनात्सु खूप वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग तिने खोडरबर काढलं, रकाना पुसला आणि कारखान्याचं नाव लिहिलं.

हीच कंपनी का निवडली याचं निवेदन प्रत्येक मुलाला लिहावं लागतं. तिचं मी सात वेळा दुरुस्त केलं, कारण दर वेळी ते एखाद्या मेलेल्या माणसाने लिहिल्यासारखं व्हायचं. सप्टेंबरच्या मध्याला परीक्षा झाली, महिनाअखेर पत्र आलं. ती आणि तिच्या वर्गातली शोजी, दोघींनाही घेतलं होतं. मी फलकावर त्यांच्या नावांपुढे दोन लाल फुलं चिकटवली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या खोलीत आली आणि उभी राहिली. कारखान्याच्या परीक्षेच्याच आठवड्यात तिने स्टुडिओची चाचणी चोरून पाठवली होती. त्यांनी दोन चित्रं दिली होती, एक मुलगी खुर्चीत बसलेली आणि तीच उभी राहिलेली. मधली सात काढायची होती. ती त्यांना पसंत पडली होती. आता मुलाखतीला शाळेचा गुणदाखला न्यायचा होता, शाळेच्या शिक्क्याचा, बंद पाकिटातला. तो द्यायचा की नाही हे एकट्या माझ्या हातात.

नियम मोडला म्हणून आधी मी तिला फैलावर घेतलं. ती ऐकत राहिली.

“सर, कारखान्याला मी स्वतः जाऊन नाही सांगते. बोलणी मी खाईन.”

“बोलणी तू खाशील गं,” मी म्हणालो. “पण उपाशी दुसरंच कोणीतरी राहील. पुढच्या वर्षी त्यांचं पत्र आलं नाही, तर त्या दोन मुलींना काय सांगू? चिनात्सुला चित्रं काढायची होती म्हणून?”

ती गेली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा खोलीबाहेर उभी. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही. काही मागायची नाही, काही बोलायची नाही, पाच वाजले की वाकून नमस्कार करायची आणि जायची. चौथ्या दिवशी मला ते सहन होईना. ती गेल्यावर मी तिचा दाखला तयार केला, शिक्का मारला, पाकीट चिकटवलं आणि खणात ठेवून दिलं. का केला ते मलाच सांगता येत नव्हतं. देण्याचा धीर होत नव्हता, आणि न करता राहवत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिची आई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“सर, या पोरीने जन्मात काही मागितलेलं मला आठवत नाही. सायकलसुद्धा मीच आणली, तिने सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मागतेय, आणि ते माझ्या हातात नाहीये. चार दिवस जेवत नाही. तुम्ही तो कागद द्या. काय व्हायचं ते होऊ दे.”

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. तो उघडायचं सोडून मी माझं नेहमीचं पुराण सुरू केलं. पुढच्या वर्षी त्या कारखान्यासाठी कोण डोळे लावून बसलंय तेही सांगितलं: ओकुयामांची धाकटी आणि कान्नोंची मुलगी. नावं घ्यायला नको होती. पण मला जिंकायचं होतं.



“ओकुयामांची गाजर खात नसे,” तिची आई म्हणाली. “तिच्यासाठी मी बारीक चिरायचे. कळायचं नाही तिला. आणि कान्नोंच्या घरी तर आता एकटे आजोबाच आहेत, नाही का?”

मी हो म्हटलं.

“त्या पोरींना मी नऊ वर्षं जेवू घातलंय, सर.”

एवढं बोलून ती वाकली, बराच वेळ वाकलेली राहिली आणि गमबूट घालून निघून गेली. तिने आणखी एकदा मागितलं असतं तर मी खण उघडला असता. असं मी स्वतःला सांगतो. खरं काय कोणास ठाऊक.

सोमवारी चिनात्सुने मला एक पत्र तपासायला आणून दिलं. आमची मुलं बाहेर जाणारं प्रत्येक पत्र मला दाखवतात. तिने स्टुडिओला मुलाखतीला येऊ शकत नाही म्हणून कळवलं होतं आणि त्यांचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली होती. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी तसं म्हटलं, तर ती “आभारी आहे” म्हणाली. त्यानंतर मार्चपर्यंत मी तिच्या वह्यांचे कोपरे पाहत राहिलो. सगळे कोरे होते.

एप्रिलमध्ये ती कारखान्यात लागली. जुलै आला. सगळ्या कंपन्यांची पत्रं आली, नदीपलीकडच्या कारखान्याचं काही येईना. आठवडाभर वाट पाहिली आणि मग मिठाईचा डबा घेऊन स्वतःच गेलो. भरतीचं काम पाहणारा माणूस फार अदबीचा. थंड बार्ली चहा मागवला, हवापाण्याचं बोलला, आणि मग हळूच सांगितलं की यंदा भरती नाही. तपासणीचं काम परदेशी जाणार आहे. तसं मागच्या वर्षीच ठरलं होतं.

“मागच्या वर्षी?” मी विचारलं. “मग आमच्या दोन मुली घेतल्यात त्या?”

“पत्र पाठवून झालं होतं ना. तुमच्या शाळेला नाही कसं म्हणायचं? इतक्या वर्षांचा संबंध.” तो कसनुसा हसला. “आतलं सांगतो, एखादीने नाही म्हटलं असतं तर आमची सोयच झाली असती. पण तुमची मुलं कधी नाही म्हणत नाहीत.”

ज्याचा मला गर्व होता तेच त्याने मला परत दिलं. त्यांना नाही म्हणवत नव्हतं आणि मी तिला नाही म्हणू दिलं नव्हतं. आम्हा दोघांच्या अदबीत पोरीचं आयुष्य चिरडलं गेलं. मी चहा संपवला, आभारही मानले. असा मी माणूस.

जेवणाची सुट्टी झाली होती. कारखान्याच्या मागच्या अंगणात बाकावर चिनात्सु डबा उघडून बसली होती. मला पाहून उठली, वाकली, आणि शाळेत कधी हसली नसेल तशी थोडीशी हसली.

“सर, यंदा कोण येतंय? ओकुयामा ना? माझ्या बाजूची जागा तिला द्या म्हणून सांगून ठेवलंय मी. तिथे उजेड चांगला असतो.”

खोटं बोलता आलं असतं. अजून ठरलं नाही, असं म्हणता आलं असतं. तेवढं एक पाप मी केलं नाही. सगळं सांगितलं, त्या माणसाचं शेवटचं वाक्यसुद्धा. ती डब्यातल्या भाताकडे पाहत ऐकत होती.

“तुम्हाला कधी कळलं?”

“आत्ता. दहा मिनिटांपूर्वी.”

“आईला सांगू नका,” ती म्हणाली.

मी घाईघाईने म्हणालो की शाळा सोडलेल्या मुलीला दाखला द्यायला कोणताच नियम आड येत नाही, आजच करतो, ते स्टुडिओवाले यंदाही चाचणी घेतील. तिने उजवा हात वर करून पाहिला. माल धरायच्या चिमट्याने दोन बोटांना घट्टे पडले होते.

“मे महिन्यात चित्र काढून पाहिलं होतं, सर. आईचंच, भांडी घासतानाचं. रेघ मध्येच थांबते आता.” मग तिने डब्याचं झाकण लावलं. भात तसाच होता. “हात पुन्हा बसेल की नाही, माहीत नाही.”

भोंगा वाजला. मी फाटकाकडे निघालो, तेवढ्यात तिने मागून हाक मारली.

“सर, उजव्या पायालाही दाखवून घ्या. डाव्याला वाचवता वाचवता त्याच्यावर भार येतोय.”

मला उजव्या पायाचं काहीच जाणवत नव्हतं. डॉक्टरांना जाणवलं.

त्याच दिवशी मी तिचा दाखला नव्याने तयार केला आणि तिला कळवलं. ती आली नाही. दाखला तीन महिने चालतो. मुदत संपली की मी जुना फाडतो आणि नवा करून शिक्का मारतो. आता खणात आहे तो चौथा.