थरथरता हात आणि रायफलचा रेस्ट

चाळिशीत माझे हात थरथरायला लागले. आजार गंभीर नव्हता, पण बरा होण्यासारखाही नव्हता. डावा हात जास्त थरथरायचा, उजवा कमी. कुवेतमध्ये, जाब्रियातल्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची टेक्निशियन होते. मी स्वतःच जाऊन वरिष्ठांना सांगितलं आणि उपकरणं निर्जंतुक करायच्या विभागात बदली घेतली. त्या दिवसांत मी घरी फारशी बोलत नसे. नवरा रिफायनरीत इंजिनिअर. तो शुक्रवारी सकाळी एका क्लबात नेमबाजीला जायचा. "घरात बसून काय करणार? चल, नुसती बघायला चल," म्हणून तो मला एकदा घेऊन गेला.

तिथं मी पहिल्यांदा बेंचरेस्ट पाहिली. या प्रकारात रायफल हातात धरून उभं राहायचं नसतं. माणूस टेबलाशी बसतो. रायफलचा पुढचा भाग एका तिपाई स्टँडवरच्या वाळूच्या पिशवीत असतो, मागचा दस्ता दुसऱ्या छोट्या पिशवीवर. पुढच्या त्या स्टँडला रेस्ट म्हणतात. रायफलचं सगळं वजन तो पेलतो. आपण फक्त नेम जुळवायचा आणि बोटाच्या टोकानं चाप दाबायचा. मी ते पाहिलं आणि माझ्या मनात आलं, की हे मला जमेल. कितीतरी महिन्यांनी असं काही मनात आलं होतं.

क्लबाची रायफल वापरायला मिळायची, पण तिथला रेस्ट जुना होता. त्याचा एक पाय झिजलेला होता. तीन महिने त्यावर शिकल्यावर मी जाहीर केलं, की मला माझा स्वतःचा रेस्ट घ्यायचाय. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. त्यानं दोन दिवसांत तक्ता बनवला. वजन, उंची, पायांची रुंदी, लोकांची मतं, सगळं त्यात होतं.

"जॉयस्टिकचाच घे," तो म्हणाला. "एकच दांडा. तो हलवला की रायफल वर-खाली, डावी-उजवी, सगळीकडे जाते. मोठे नेमबाज तोच वापरतात."

क्लबात रेंज सांभाळणारे एक वयस्कर कुवेती गृहस्थ होते. सगळे त्यांना हज्जी म्हणायचे. वडिलांच्या व्यापारामुळे लहानपणी काही वर्षं ते मुंबईत राहिले होते, त्यामुळे आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी मिरकाब भागातल्या ओळखीच्या शिकारी सामानाच्या दुकानात फोन केला. दुकानदार दोन रेस्ट एका शुक्रवारपुरते द्यायला तयार झाला. आवडेल तो ठेवायचा, दुसरा परत. एक जॉयस्टिकचा होता, काळा, चकचकीत. दुसरा ओतीव लोखंडाचा, जुन्या पद्धतीचा. त्याला उंचीसाठी मधोमध एक मोठी चक्री होती आणि बाजूला डावं-उजवं करायला एक स्क्रू. तो उचलताना नवरा म्हणाला, "हा तर नांगर आहे जहाजाचा."

गुरुवारी मला धड जेवण गेलं नाही. दोन्ही रेस्ट हॉलमध्ये चटईवर ठेवले होते आणि मी सारखी जाऊन हात लावून येत होते.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही रेंजवर होतो. आधी जॉयस्टिकचा लावला. नवऱ्यानं पाच गोळ्या मारल्या. पन्नास मीटरवरच्या कागदावर पाचही भोकं एका नखात मावतील एवढी जवळ. त्याचा चेहरा फुलला. मग मी बसले. डाव्या हातात दांडा धरला, रायफलवरच्या दुर्बिणीला, स्कोपला, डोळा लावला, आणि कागदावरचं काळं वर्तुळ नाचायला लागलं. माझ्या हाताची थरथर जशीच्या तशी दांड्यातून रायफलीत जात होती. दांडा इतका हलका होता, की हात हलला तेवढी रायफल हलायची.

"नेम लागला की दांडा सोडून दे," नवरा म्हणाला.

मी सोडला. पण सोडताना बोटाचा धक्का लागला आणि नेम सरकला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. पाच गोळ्या कागदभर पांगल्या. थिएटरमधला शेवटचा आठवडा आठवला.

"सवय होईल गं," तो म्हणाला.

"सवयीचा प्रश्न नाहीये. हा रेस्ट चांगलाच आहे. तुझ्या हातासाठी."

हज्जी मागे उभे होते. ते पुढे आले, काळा रेस्ट बाजूला केला आणि लोखंडी रेस्ट स्वतः टेबलावर ठेवला. त्याच्या पायांची टोकं टेबलात रुतवली. मला म्हणाले, "फिरव आणि हात काढ. बाकी काही करू नकोस."

मी चक्री फिरवली. हात थरथरतच होता, पण चक्रीला त्याचं काही नव्हतं. जेवढी फिरवली तेवढीच ती फिरली. बाजूचा स्क्रू अर्धा फेरा दिला. वर्तुळ स्कोपच्या मधोमध आलं. मी हात काढून मांडीवर ठेवला. वर्तुळ जिथल्या तिथं राहिलं. मी वाट बघितली. ते हललंच नाही. उजवा तळहात टेबलावर टेकवून मी चाप दाबला. मग दुसरी गोळी, तिसरी. पाच झाल्यावर मी उठले. हज्जींनी कागद मागवला. चार भोकं एकमेकांत मिसळली होती, पाचवं किंचित वर.

नवऱ्यानं कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाला, "माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता."

लोखंडी रेस्ट मी ठेवून घेतला. पण दोन अडचणी निघाल्या. त्याच्यावरची पिशवी रुंद होती आणि क्लबाची रायफल पुढून अरुंद, त्यामुळे ती आत डुलायची. मी नवऱ्याची जुनी जीन्स कापली आणि अरुंद पिशवी शिवली. सरळ टाके घालायला मला चार संध्याकाळी लागल्या. वाळू आणायला आम्ही गावाबाहेर गेलो. ती मी पिठाच्या चाळणीनं चाळली, धुतली, ओव्हनमध्ये वाळवली. "आता पोळ्या करकरणार," असं तो म्हणाला, आणि दोन दिवस खरंच करकरल्या.

दुसरी अडचण वेळेची. क्लबाच्या सामन्यात एका कागदावर पंचवीस वर्तुळं असतात, पाच ओळींत, आणि वीस मिनिटांत प्रत्येकावर एकेक गोळी मारायची. जॉयस्टिकवाले झरझर पुढे जातात. मला प्रत्येक वर्तुळाला उंची आणि बाजू दोन्ही फिरवावं लागे. पहिल्या सरावात सोळाच झाली. घरी कागद टेबलावर पसरून बसले तेव्हा लक्षात आलं, की एका ओळीतली सगळी वर्तुळं एकाच उंचीवर आहेत. रेस्ट आधी नीट समतल केला तर ओळभर फक्त बाजूचा स्क्रू पुरेल, आणि उंची पाच ओळींत मिळून चारदाच बदलावी लागेल. मी नवऱ्याला आंघोळीतून हाका मारून बाहेर बोलावलं. तो टॉवेल गुंडाळून ऐकत उभा राहिला. "अगं, बरोबर आहे," म्हणाला, आणि तसाच खुर्ची ओढून बसला.

पुढचे तीन शुक्रवार मी तेवढंच केलं. समतल करायचं, फिरवायचं, हात काढायचा, चाप. एका वर्तुळापासून दुसऱ्यापर्यंत पाऊण फेरा, हे बोटांना पाठ झालं.

सामन्याला आम्ही अकरा जण होतो. शिट्टी झाली आणि आजूबाजूला गोळ्या सुटायला लागल्या. मी अजून पहिल्याच वर्तुळावर होते. घाई करावीशी वाटली, पण केली नाही. तिसऱ्या ओळीत जरा वारा आला तेव्हा थांबले. पाचव्या ओळीला हात घातला तेव्हा बाकीचे बहुतेक उठले होते, आणि मला माझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पंचविसावी गोळी सुटली तेव्हा चाळीस सेकंद उरले होते.

माझा चौथा नंबर आला. नवऱ्याचा सहावा. हज्जींनी यादी मोठ्यानं वाचली, आणि माझा आकडा दोनदा वाचला.

परतताना गाडीत मी एकेका गोळीचं सांगत होते. कुठे वारा लागला, कुठे स्क्रू जरा जास्त फिरला, कोणती बरोबर मधोमध लागणार हे मी चाप दाबायच्या आधीच ओळखलं होतं. नवऱ्यानं रेडिओ बंद केला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या ओळीतल्या चौथ्याचं पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.