अठरावी सुई

१९८३ साल, पोळ्याचा दुसरा दिवस, दुपारचे चार वाजत आले होते. जागा — पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यातली मलमपट्टीची खोली. हजर आम्ही तिघं : डॉक्टरसाहेब, साफसफाईच्या वच्छलाबाई आणि मी, कंपाउंडर. आकडा अठरा. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी भाजीत वाचलेले चार आणेही सांगतो.

सांगायला बसलो तर आधी काय आठवतं, माहीत आहे? ती आरोळी. नदीवरून आलेली. सहा वर्षं झाली, आता मी सौंसरला राहतो, दुसरीकडे नोकरी करतो, तरी ती आरोळी आठवली की अजून छाती धडधडते. लाज वाटायला हवी ना? तीही वाटते. पण धडधड आधी होते.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. पांढुर्ण्याच्या कोणीतरी त्या दगडांतून झाडापर्यंत जाऊन झेंडा तोडायचा आणि सावरगावाने तो तोडू द्यायचा नाही. वेडेपणा आहे, मान्य. डोकी फुटतात, दात पडतात. पण मी पांढुर्ण्यात जन्मलो, विशीत स्वतः दगड मारले, कपाळावर अजून खूण आहे. दोन लेकरांचा बाप झालो म्हणून रक्त थंड होतं का?

त्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे रांग. कोणाचं कपाळ, कोणाची भुवई, कोणाचा कान. डॉक्टरसाहेब टाके घालत होते, मी टिटॅनसची इंजेक्शनं देत होतो. रडणारा एकही नाही. ज्याला त्याला परत नदीवर जायची घाई. एक धिप्पाड माणूस तर टेबलावर आडवा पडून डॉक्टरसाहेबांनाच दम देत होता, "लौकर शिवा ना जी, तिकडे झेंडा तुटून राहिला अन् मी इथं शिवणाच्या दुकानात." सगळी खोली हसली. मीही हसलो, पण मला त्याचा हेवा वाटत होता. त्याला जाता येणार होतं.

माझं काम सुयांचं. तेव्हा सुया फेकून देत नसत. काचेची सिरिंज, स्टीलची सुई — उकळायची, वापरायची, पुन्हा उकळायची. त्या वर्षी काही सुया कमी झाल्या होत्या. खेड्यापाड्यांत इंजेक्शन देत फिरणारे लोक अशा सुया विकत घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून साहेबांनी मोजणी माझ्याकडे दिली होती. काम आटोपलं की सुया मोजायच्या. एक जरी कमी असली तर रक्ताचा कापूस, चादरी, सगळं मी चिमट्याने उलटून बघायचं — आणि तोवर वच्छलाबाईंनी कशाला हात लावायचा नाही. कारण त्या सगळं उघड्या हातांनी उचलत. हातमोजे डॉक्टरांपुरते होते. हा नियम कोणी घातला? मीच. त्याचा मला अभिमान होता.

चारच्या सुमारास बाहेरचा आवाज बदलला. एकदम दाटला. रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेलं की आपला गडी झाडावर चढला. व्हरांडा रिकामा झाला, डोक्याला पट्टी बांधलेलेही पळाले. मी ट्रेमधल्या सुया मोजल्या. हव्या अठरा, भरल्या सतरा. पुन्हा मोजल्या. सतरा. कोपऱ्यात चादरींचा ढीग होता, शेजारी कापसाची बादली. शोधायला अर्धा तास लागला असता, आणि झाड काही अर्धा तास थांबणार नव्हतं. डॉक्टरसाहेब हात धूत होते. त्यांनी पाठमोरंच विचारलं, "पुऱ्या?"

"पुऱ्या, साहेब."

मोजायला चुकलो असतो तर हे लिहिलं नसतं. मी बरोबर मोजल्या होत्या — आणि खोटं सांगितलं.

मग मी पळालो. पायात चप्पल होती की नव्हती, आठवत नाही. काठावर पोचलो तेव्हा आमचा गडी झाडाला बिलगलेला, कुऱ्हाड वर, पलीकडून दगडांचा पाऊस — आणि झेंडा पडला. काय सांगू तुम्हाला. मी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. घसा बसेपर्यंत ओरडलो. एका म्हाताऱ्याने माझा मुका घेतला. आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायच्या झाल्या तर ती मला आजही धरावी लागते. खोटं कशाला बोलू — निदान इथं तरी?

परत आलो तर वच्छलाबाई नळाखाली हात धरून उभ्या. अंगठ्याच्या बुडाशी रक्त. मला पाहून हसल्या. "पडला काय जी भाऊ झेंडा? आज साऱ्या गावाले टोचलं, माहीच बारी राह्यली होती."

मला लगेच कळलं. त्यांनी चादरींची मोट बांधली होती, सुई आत होती. किती जणांच्या रक्तातून गेलेली सुई, कोण जाणे. त्यांनी ती चादरीतून काढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. ज्याला चोरायची असते तो टेबलावर आणून ठेवतो का?

पण साहेबांनी ट्रे पाहिला होता. त्यात सतरा. त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही मोजल्या तेव्हा अठरा होत्या ना?"

इथं मला बोलता आलं असतं. फार तर बोलणी बसली असती. नोकरी गेली नसती — मी हिशेबाला पक्का म्हणून त्यांना हवा होतो. हे तेव्हाही मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "हो."

पुढचं गणित सरळ होतं. मोजणीच्या वेळी अठरा, आता ट्रेमध्ये सतरा, म्हणजे अठरावी मधल्या वेळात कोणीतरी उचलली. खोलीत कोण होतं? वच्छलाबाई. साहेब म्हणाले, पदरात खोचली असेल, टोचली म्हणून सापडली. आधीच्या सुयांचाही उलगडा त्यांना त्यातच झाला. त्या बाईचा दुखरा हातच तिच्या चोरीचा पुरावा ठरला. आणि माझा शब्द का चालला? मी मोजणारा, शिकलेला, गावातल्या चांगल्या घरचा. त्या तिगावहून पॅसेंजरने येणाऱ्या, रोजीवर काम करणाऱ्या, बौद्ध वस्तीतल्या. साहेबांनी तेवढंही तोंडाने म्हटलं नाही. गरज पडली नाही.

त्या साहेबांशी बोलल्याच नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, चादरीत होती ना जी." मी ट्रेकडे बघत राहिलो. मग टिटॅनसचं इंजेक्शन मीच दिलं. त्यांनी दंड पुढे केला, तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावरून काढलं. त्यानंतर शहरातल्या दुसऱ्या कोणत्या दवाखान्यानेही त्यांना घेतलं नाही. सुया चोरणारी बाई म्हणून नाव फिरलं होतं. त्या संत्र्याच्या बागेत निंदणीला जाऊ लागल्या.

तीन वर्षांनी पॅसेंजरमध्ये त्या मला भेटल्या. सरकून जागा दिली, लेकरांची विचारपूस केली. राग कुठंच दिसेना. मी तर रागाचीच तयारी करून बसलो होतो. तिगाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "एक इचारू काय भाऊ? मी लय इचार केला. तुमचं मोजनं तं कधी चुकत नाई. मंग ते सुई चादरीत आली कोठून?"

त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या मोजणीवर विश्वास ठेवला होता. तीन वर्षं.

मी म्हणालो, "काय माहीत, बाई."

डब्यात कोणी ओळखीचं नव्हतं. नोकरी जाण्याची भीती नव्हती, मी तो दवाखाना कधीच सोडला होता. नदीवर झेंडाही पडत नव्हता. पहिल्या खोट्याला निदान एक आरोळी होती. या तिसऱ्याला काय होतं? गाडी थांबली, त्या उतरल्या, फलाटावरून हात वर केला. मीही केला.

त्यांना काढलं त्या आठवड्याचा हिशेब मीच केला होता. चोरी करताना लागलेल्या सुईचा खर्च दवाखान्याने का सोसावा, असं साहेब म्हणाले. म्हणून टिटॅनसच्या इंजेक्शनचे दोन रुपये त्यांच्या मजुरीतून कापले. ते वच्छलाबाईंनी दवाखान्याला भरले. मी कोणालाच काही भरलेलं नाही.