चार रंगांचं प्रोटीन

बोरिवलीच्या कॉलेजात नीला साटम एकवीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवते. पूर्वी ती थर्माकोलचे गोळे आणि तारा पिशवीत घालून वर्गात न्यायची. आता लॅबच्या पडद्यावर प्रोटीनचा रेणू माउसने हवा तसा फिरवता येतो.

दर डिसेंबरात ती तिसऱ्या वर्षाला ट्रान्सथायरेटिन नावाचं रक्तातलं प्रोटीन दाखवते. चार सारखे तुकडे, चार रंग, एकमेकांना घट्ट धरलेले.

"आता तिसाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदलते. बघा."

क्लिक झालं. मुलांनी माना पुढे केल्या.

"मॅडम, हँग झालं का? काहीच बदललं नाही," सम्यक मागून म्हणाला. वर्ग हसला.

"बदललं. तुला दिसलं नाही, एवढंच." तिने आधीचं चित्र आणि नवीन चित्र एकावर एक ठेवलं. फरक केसाएवढा. "पण चौघांची पकड ढिली होते. सुटे झालेले तुकडे चुकीचे वळतात, नसांत साचतात, हृदयात साचतात. आधी पाय बधिर होतात, मग हात. तोपर्यंत माणूस धडधाकट असतो. कधी पन्नाशीपर्यंत."

"आणि त्याच्या मुलांना?"

"प्रत्येकाला निम्मी शक्यता."

"वाट लागली," कोणीतरी पुटपुटलं.

निम्म्या शक्यतेचं वाक्य ती दर वर्षी म्हणायची आणि पुढच्या स्लाइडवर जायची. या वर्षी तिने तास दहा मिनिटं आधीच सोडला.

चारकोपच्या तिच्या घरी आजारपणाची कारणं नेहमी तयार असत. सासऱ्यांचे पाय गेले ते गिरणीत उभं राहून. नवऱ्याच्या, जयवंतच्या, थोरल्या भावाच्या म्हणजे भाऊंच्या दोन्ही मनगटांत नसा दबल्या, ऑपरेशन करावं लागलं, ते छापखान्यातल्या कामाने. मे महिन्यात भाऊ गेले ते हृदयाने. तीन वेगळी कारणं म्हणून नीलानेही ती ऐकून घेतली होती. मग गणपतीत जयवंत बाजारातून एकाच पायात चप्पल घालून परत आला. दुसरी कुठे सुटली ते त्याला कळलंच नव्हतं.

"फक्त नळीभर रक्त द्यायचंय," ती त्याला म्हणाली.

"लेक्चर कॉलेजात दे, नीला. माझं घराणं तुझ्या पडद्यावर नको."

जानकी, तिची सासू, भाजी निवडता निवडता म्हणाली, "गावच्या राखणदार देवाचो नारळ चुकलो. ह्येच्या आज्यान गाव सोडल्यापासून कोणी दिलो नाय. शिमग्याक जाऊन देवाक गाऱ्हाणा घाला, मगे काय ता डॉक्टर. आणि तवसर ओजसाक काय सांगू नको. पोराचा लगीन ठरता हा."

शिमगा मार्चमध्ये. साखरपुडा जानेवारीत. नीलाने निवडलेली भाजी धुवायला उचलली. न बोलण्याचा अर्थ घरात होकार असाच होत असे.

नीलाच्या मुलाने, ओजसने, लग्नासाठी ठरवलेली मुलगी दीप्ती. तीन वर्षांपूर्वी ती नीलाच्याच तिसऱ्या वर्षाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. रविवारी ती आईवडिलांबरोबर आली, आणि सोफ्यावर बसतानाही म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा ना."

"मॅडम काय गं? आता आई म्हण," ओजस म्हणाला. "नाहीतर ही तुझी हजेरी घेईल."

सगळे हसले. हॉल कुठे, माणसं किती, हे झालं. मग दीप्तीचे वडील घसा साफ करून म्हणाले, "विचारायचं म्हणून विचारतो हं. घरात काही आजारपण वगैरे?"

"आमच्यात कसलो आजार?" जानकीने लगेच उत्तर दिलं. "सगळे दणकट."

वडिलांनी नीलाकडे पाहिलं. नीलाने चिवड्याची बशी पुढे केली.

जयवंतने कप दोन्ही हातांनी उचलला होता. तरी तो निसटला. वाफाळता चहा त्याच्या उघड्या पावलावर सांडला, कप फरशीवर फुटला. "अरेच्चा, कप गेला," जयवंत म्हणाला. पाय होता तिथेच होता.

दीप्ती नॅपकिन घेऊन खाली बसली. पाऊल लालभडक झालेलं. तिने ते हळूच पुसलं, मग अंगठा जरा दाबून पाहिला. जयवंत तिच्या वडिलांशी पार्किंगबद्दल बोलत होता.

दीप्तीने मान वर केली. जयवंतकडे नाही, नीलाकडे.

"मॅडम, काकांना भाजलेलं कळलं नाही."

"थंडी हा. थंडीन होता तसा," जानकी म्हणाली.

"हातांना कधीपासून आहे?" दीप्तीचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता. शंका विचारताना ती असंच थांबायची, उत्तर मिळेपर्यंत.

जयवंतने पाऊल मागे ओढलं. जानकीची नजर नीलाला गालावर जाणवत होती.

"हातांना दीड वर्ष," नीला म्हणाली. "पायांना त्याच्याही आधी. भाऊंनाही होतं. सासऱ्यांनाही."

"नीला!" जयवंत ओरडला.

दीप्तीने ओला नॅपकिन घडी करून टीपॉयवर ठेवला. तिला चार रंगांच्या प्रोटीनचा तो तास आठवत होता, हे नीलाला दिसत होतं.

"ओजसला माहितीये?"

ओजस दारात केरसुणी घेऊन उभा होता, कपाचे तुकडे गोळा करायला आलेला. अजून हसतच होता.

"काय माहितीये?" त्याने विचारलं.